गुलछडीची कास, माझा अंगठा

“आता गं बया! परत?”

आत्ती गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. डॉक्टर मुजावर गुलछडीच्या पोटाशी उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात काळं फडकं होतं आणि त्यावर गुलछडीच्या मागच्या डाव्या सडातली पहिली धार पडली होती. धार कसली, नासक्या दुधासारख्या गुठळ्याच.

“परत,” डॉक्टर म्हणाले. “तिसऱ्यांदा, मावशी. श्रावणात झालं, गणपतीत झालं, आणि आता हे.”

“अहो, पण मागच्या खेपेला चांगली बरी झाली होती की! दूध कसं पांढरंशुभ्र आलं होतं!”

“औषध किती दिवस दिलं?”

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मी गुलछडीच्या शेपटीकडं बघितलं.

“वहिनी, मी सात दिवसांचं दिलं होतं. तुम्ही किती दिवस दिलं?”

“तीन,” मी म्हणाले.

“आणि त्याच्या आधी?”

“तीनच.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. हाताला शेण होतं, ते कपाळाला लागलं. आत्तीनं पदर तोंडाला लावला. हसू आवरायला लावला होता, पण डॉक्टरांना वाटलं वाईट वाटलं म्हणून, आणि ते जरा नरमले.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, तोंडाळ होते, आणि माझ्याइतकी म्हैस कुणाला कळत नाही असं मला पक्कं वाटायचं. कोल्हापुरातल्या गवळी गल्लीत आमचं घर. घरात तीन माणसं: मी, माझे मालक सातलिंग, आणि माझी सासू मल्लव्वा. आमच्यात सासूला आत्ती म्हणतात. गोठ्यात सहा म्हशी. त्यातली गुलछडी माझी. लग्नात वडिलांनी आंदण दिलेली रेडी, गडहिंग्लजकडनं टेम्पोत माझ्या शेजारी उभी राहून सासरी आलेली. त्या दिवशी टेम्पोत दोघीच रडत होतो. पुढं ती अशी फोफावली की गल्लीतले लोक तिला बघायला यायचे. पण माझ्याशिवाय कुणाचा हात तिला चालायचा नाही. दुसरं कुणी कासेला बसलं की पान्हा चोरायची, वर लाथ मारायची. मला याचा एवढा गर्व होता की विचारू नका.

आणि तिला झाली होती दगडी. म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट होते, हात लावला की म्हैस कळवळते, दुधात गुठळ्या येतात. वेळेत बरी झाली नाही तर तो सड कायमचा आटतो.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर सात दिवस सांगतात, मग तीन दिवसांत औषध बंद का? तर आमचा धंदा उघड्यावरचा. म्हशी कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, आणि फेसाळ पेला त्याच्या हातात द्यायचा. हल्ली आम्ही तापवून देतो, जुने पैलवान नाकं मुरडतात, मुरडू देत. तर औषध चालू असलेल्या म्हशीचं दूध त्या पेल्यात घालील असा गवळी आमच्या गल्लीत नव्हता. ते ओतायचं. आणि दूध ओतायचं म्हटलं की आत्तीचा जीव वरखाली व्हायचा. “लक्ष्मी मातीत घालताईसा!” म्हणून ती दिवसभर जेवायची नाही. त्यामुळं घरात नियमच होता: दूध पांढरं झालं, की औषध बंद. आमच्याच नव्हे, गल्लीतल्या सगळ्या घरांत हाच नियम होता.

डॉक्टरांनी बाटलीत दुधाचा नमुना घेतला. “या खेपेला मी अंदाजानं औषध देत न्हाई. पुण्याला पाठवतो, जंतू कुठला हाय ते कळू दे. तवर कास शेका आणि दूध पिळून टाका.”

“डाक्टर,” आत्ती म्हणाली, “माझं पण ऐका. दोन महिने मी हिचं दुखणं बघते हाय. पाडव्याला आमच्या म्हशी सजून गल्लीतनं फिरतात. तवर कास निर्मळ झाली तर झाली. न्हाईतर भाऊबीज झाली की हिला बाजार.”

कासेतनं गेलेली म्हैस बाजारात कोण घेतं आणि कुठं नेतं, हे गवळ्याच्या घरात सांगावं लागत नाही.

“आत्ती, असं नका हो बोलू तिच्यासमोर!”

“तिला काय कळतंय?”

“सगळं कळतंय तिला!”

“मग तिला म्हणावं, बरी हो.”

डॉक्टर निघता निघता थांबले. माझ्या उजव्या अंगठ्याला हळद लावून चिंधी बांधली होती, तिकडं त्यांचं लक्ष गेलं. “वहिनी, हे काय?”

“नखुरडं हाय. येतंय, जातंय.”

“कधीपासनं?”

“श्रावणापासनं. जास्त ठणकलं की मेडिकलमधनं गोळ्या आणते, दोन दिवसांत बसतंय.”

“आणि मग गोळ्या बंद.”

“मग काय! बरं झाल्यावर कोण खातंय?”

डॉक्टरांनी पिशवीतनं कापूस लावलेली काडी काढली आणि माझ्या अंगठ्याचा पू त्या काडीवर घेतला. मला हसूच आलं. “अहो डॉक्टर, मी म्हस न्हाई!”

“ते दिसतंय की. माझं शिक्षण चार पायांपर्यंतच हाय, वहिनी. पण जंतू पाय मोजत बसत न्हाईत.”

पुढचे पाच-सहा दिवस मी गुलछडीची कास शेकत होते आणि गल्लीभर सांगत सुटले होते की तिला दृष्ट लागली. कुणाची, तेही सांगत होते. रोज नवीन नाव. एका दिवशी तर मी आत्तीचंच नाव घेतलं. विहिणीकडनं आलेली म्हैस आपल्या म्हशींपेक्षा जास्त दूध देते, हे सासूच्या डोळ्यांत खुपणारच, असं मी पाणवठ्यावर बोलून गेले. वाईटच होते मी, आता काय लपवायचं.

कोजागिरी आली. गवळ्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. अख्खं कोल्हापूर दूध मागत होतं आणि मी गुलछडीचं दूध उकिरड्यावर पिळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. मालक कट्ट्यावर होते, आत्ती देवळात गेली होती. डॉक्टरांनी दोन कागद काढले, गव्हाणीच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवले.

“हा गुलछडीचा. हा तुमचा. जंतू एकच.”

“एकच म्हंजे? एका जातीचा?”

“सख्खा म्हणा. तिच्या कासेतला आणि तुमच्या नखातला. तुम्ही धार कशी काढता, दाखवा बघू.”

मी हवेत मूठ धरून दाखवली. आमच्याकडं अंगठा मुडपून, अंगठ्याच्या पेरानं सड दाबून धार काढायची पद्धत. मला माझ्या आईनं तशीच शिकवलेली. मी हवेतला सड दाबला आणि अंगठ्याची चिंधी नेमकी जिथं घासली, तिथं माझी मीच बघत राहिले.

“म्हंजे मी तिला...?”

“तुम्ही तिला दिलं का तिनं तुम्हाला, हे आता कुणी सांगू शकत न्हाई. पण तुम्ही दोघी एकमेकींना परत परत देताय, हे नक्की.”

ज्या हाताशिवाय तिला दुसरा हात चालत नव्हता, तोच हात! आणि मी गल्लीभर लोकांच्या डोळ्यांना नावं ठेवत फिरले.

“अजून एक गंमत हाय,” डॉक्टर म्हणाले. त्यांना त्यात खरंच गंमत वाटत होती, डोळे चमकत होते. “मला वाटलं होतं, हा जंतू आपल्या औषधाला दाद देत नसंल. तसले पण असतात. पण हितं तसं न्हाई. काचेच्या बशीत औषध टाकलं की हा मरतोय.”

“मग गुलछडीत का मरत न्हाई?”

“मरतोय की. भराभर खाणारा, वाढणारा जंतू पहिल्या तीन दिवसांत मरतोय. म्हणून दूध पांढरं होतं, अंगठा बसतो. पण त्यातले थोडे झोपी जातात. खात न्हाईत, वाढत न्हाईत, गप पडून राहतात. आणि हे औषध जागा जंतूच मारतंय, झोपलेल्याला ते कळतच न्हाई. तुम्ही औषध थांबवलं, की हे आळस देऊन उठतात आणि परत पोरंबाळं वाढवतात.”

“मग सात दिवस द्यायचं ते...”

“जो जो उठंल, त्याला औषध समोर उभं दिसलं पाहिजे. राहिलेले तिचं अंगच निपटून काढतं. सात दिवस औषध, पुढं चार दिवस दूध वापरायचं न्हाई. तुम्ही पण माणसांच्या दवाखान्यात जा, हा कागद दाखवा. आणि अंगठा बरा होईपर्यंत कासेला हात लावायचा न्हाई. मावशींना मी सांगू?”

“नको,” मी म्हणाले. “मीच सांगते.”

म्हणाले खरी, पण दिवसभर तोंड उघडलं नाही. दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी नखाशेजारी चीर देऊन पू काढला, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. घरी आले, भाकरी केल्या, भांडी घासायला घेतली तर आत्तीनं अंगठ्याची पट्टी बघून माझ्या हातनं भांडी काढून घेतली. सांगितलं तर आत्तीला जन्माचं कोलीत मिळणार. नाही सांगितलं तर उद्या पहाटे मीच कासेला बसणार आणि भाऊबीजेनंतर गुलछडी जाणार.

दिवेलागणीला आत्ती वाती वळत बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अंगठा, कागद, झोपलेले जंतू, पाणवठ्यावर तिचं नाव घेतलं तेसुद्धा. ते सांगायची काही गरज नव्हती, पण एकदा नळ सुटल्यावर मला तो बंद करता येत नाही.

आत्तीनं वात पुरी केली.

“म्हंजे तुझ्या लाडानंच म्हस आजारी पडली म्हण की.”

मी हुंदके देऊन रडायला लागले.

“रडतीस कशाला? मी काय मारलं तुला? माझी दृष्ट म्हणालीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पाणवठ्यावरचं माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागतोय? ते राहू दे. सात आणि चार, अकरा दिवस दूध ओतायचं म्हणतोय व्हय तो?”

“व्हय.”

“अकरा दिवस! पांढरंशुभ्र झालं तरी?”

“झोपलेले राहतात म्हणतात, आत्ती. दिसत न्हाईत, पण असतात.”

मला वाटलं आता ती उसळणार. पण ती हातातली वात तशीच धरून विचार करत बसली. “ढेकणावाणी,” ती म्हणाली. “खाट एक दिवस उन्हात टाकली की वरचे मरतात. फटीतले तसेच. म्हणून मी आठ दिवस रोज टाकते. शेजारणी एक दिवस टाकतात आणि वरीसभर खाजवत बसतात.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “हे मुजावरला सांगायला येत न्हाई व्हय? झोपलेले न् उठलेले काय सांगत बसतोय!”

प्रश्न राहिला धारेचा. आत्तीचे गुडघे वाकत नव्हते. राहिले मालक. आणि मालकांना गुलछडीनं त्याआधी दोनदा गोठ्याबाहेर उडवलं होतं.

“तुझी साडी नेसव त्याला,” आत्ती म्हणाली. “कालची, न धुतलेली. तिला वास पाहिजे तुझा.”

“आई, काहीतरी बोलू नकोस!” मालक दारातनंच ओरडले.

“म्हस बाजारला गेलेली चालंल तुला? मग नेस गप.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मालकांनी माझी हिरवी इरकल साडी नेसली. त्यांच्या मिशा त्या काळात गल्लीत नावाजलेल्या. पदर डोक्यावरनं घेतला तरी मिशा दोन्हीकडनं बाहेर. साबणानं हात धुऊन, सड डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या लाल पाण्यानं पुसून ते कासेखाली बसले. मी गुलछडीच्या तोंडापाशी उभी राहून बांगड्या वाजवत होते आणि तिच्याशी बोलत होते. आत्ती दारात उभी राहून नुसती हसत होती, भिंतीला धरून. गुलछडीनं मान वळवून एकदा बघितलं, हुंगलं, मोठा सुस्कारा सोडला, आणि पान्हा सोडला.

तेवढ्यात ओळखीचे एक पैलवान दुधाची कळशी घेऊन आत आले. पाठमोरी हिरवी साडी बघून म्हणाले, “वहिनी, आज कट्ट्यावर कुणीच न्हाई, मालक आजारी हाईत काय?”

“न्हाई,” वहिनींनी मागं वळून जाड आवाजात सांगितलं, “मालक हितं बसलेत.”

पैलवानांच्या हातातली कळशी खाली पडली. पुढचे आठ दिवस कट्ट्यावर मालकांना सगळे वहिनी म्हणत होते. त्यांनी कुणाला मारलं नाही, हे त्यांचं माझ्यावरचं प्रेम.

सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांनी दिलेली ट्यूब सडात सोडायची, मी माझी गोळी खायची, आणि दूध ओतायचं. पहिले दोन दिवस सोपे गेले, कारण दूध खराबच होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चरवीत पांढरं, फेसाळ दूध आलं. साय धरील असं. मालकांनी चरवी माझ्याकडं दिली, मी उकिरड्याकडं निघाले, आणि आत्ती आडवी आली.

“थांब.”

मी थांबले. मनात म्हटलं, झालं, संपलं आता.

आत्तीनं चरवी माझ्या हातातनं घेतली. “दुसऱ्याच्या हातनं बघवत न्हाई मला,” असं म्हणाली आणि स्वतः गेली. डोळे मिटून तिनं ती चरवी ओतली. जेवली नाही त्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चरवी घ्यायला तीच पुढं आली, आणि संध्याकाळीही. एका पेल्याचासुद्धा मोह तिनं केला नाही.

आणि आता माझं सांगते, म्हणजे लाज काय असते ते कळेल. माझा अंगठा चौथ्या दिवशी बरा झाला. सूज नाही, ठणका नाही. आणि त्या गोळ्यांनी माझ्या पोटात असं काही ढवळायचं की भाकरी नको वाटायची. मी स्वतःशीच म्हटलं, अगं, म्हशीचं वेगळं, तिचं पोट केवढं! माणसाला एवढं कशाला? सकाळची गोळी मी हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात टाकली. संध्याकाळचीही.

पाचव्या दिवशी आत्तीनं पुरणाला डाळ घ्यायला डबा उघडला.

गोळ्या तळहातावर घेऊन ती गोठ्यात आली. मी गव्हाणीत वैरण टाकत होते, मालक साडीच्या निऱ्या सावरत होते.

“हे काय?”

मी वैरण टाकतच राहिले.

“शिवलीला, हे काय म्हणते मी!”

“बरा झालाय की अंगठा, आत्ती... पोटात ढवळतंय माझ्या.”

“बरा झालाय!” ती अशी ओरडली की सहाही म्हशींनी माना वर केल्या. “दूधपण बरं झालंय! तिसऱ्या दिवसापासनं बरं झालंय! साठ वर्षांत मी थेंब सांडला न्हाई, आणि ह्या हातानं चरव्याच्या चरव्या मातीत ओतल्या! का ओतल्या? तुझ्या म्हशीसाठी! आणि तू दोन गोळ्या गिळंनास? उद्या हाच अंगठा घेऊन परत कासेला बसणार, आणि परत पहिल्यापासनं! मग मी कशाला ओततेय गं दूध? हौस म्हणून?”

ती मला कधी अशी बोलली नव्हती. टोमणे मारायची, पण असं कळवळून नाही. तिचे डोळे भरले होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी गोळी तोंडात टाकली आणि गुलछडीच्या बादलीतलंच पाणी प्यायला वाकले.

“तिच्या बादलीतलं नको!” मालक आणि आत्ती एकदम ओरडले.

मग मात्र तिघांनाही हसू फुटलं. त्याच दुपारी आत्तीनं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, बाईंना सगळं सांगितलं, आणि दोन चुकल्या म्हणून बाईंनी पुढं एक दिवस वाढवला. पोटासाठी भात-ताकावर राहायला सांगितलं. तिथनं पुढं सकाळ-संध्याकाळ आत्ती गोठ्यात उभी. आधी म्हशीला ट्यूब, मग मला गोळी. गोळी गिळली की “जीभ दाखव” म्हणायची. गुलछडीला जीभ दाखवायला लागत नव्हती, तिच्यावर आत्तीचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

सात दिवस झाले. वरचे चार झाले. डॉक्टरांनी परत नमुने घेतले, तिचा आणि माझ्या अंगठ्याचाही. पाडवा तीन दिवसांवर आला तरी निकाल नव्हता. मालकांनी शिंगं रंगवायचे डबे आणले होते. पाच म्हशींची शिंगं रंगवून झाली. गुलछडीची रंगवू का, असं विचारायचं धाडस कुणाला होईना.

नरकचतुर्दशीला अंघोळी आटपत होत्या तेवढ्यात गल्लीत डॉक्टरांची स्कूटर वाजली. आत्तीच्या अंगाला तेल-उटणं लागलेलं, तशीच लुगडं गुंडाळून बाहेर आली.

“निर्मळ!” डॉक्टर स्कूटरवरनंच ओरडले. “चारी सड निर्मळ! एक जंतू न्हाई. वहिनी, तुम्ही पण पास! महिन्यानं परत एकदा बघू, पण आज खुशाल फराळ करा.”

मी गुलछडीच्या गळ्यात पडले. रडत होते का हसत होते, मलाच सांगता येणार नाही. मालकांनी तिथल्या तिथं रंगाचा डबा उघडला. आत्तीनं डॉक्टरांच्या हातात चकल्यांची ताटली दिली आणि पायरीवर बसली. मला वाटलं आता ती म्हणेल, बाजार रद्द. ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

“मावशी, खूश न्हाई?”

“हाय की. डाक्टर, एक विचारू? खरं सांगायचं.”

“विचारा.”

“तीस वर्षामागं माझी एक म्हस होती. चंद्री. हिच्यापेक्षा काकणभर सरसच. माझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची न्हाई. तिला दगडी झाली. औषध दिलं, बरी झाली, परत झाली. परत दिलं, परत झाली. चार वेळा. मग सासरे म्हणाले बाजार. कुणाच्या हातनं ती जाईना, म्हणून दावं धरून मीच नेली.” ती थांबली. “दर खेपेला दूध पांढरं झालं, की मीच म्हणायची, बास करा औषध. माझं ऐकायचे सगळे. तर... ती वाचली असती?”

डॉक्टरांनी चकली ताटलीत ठेवली. “मावशी, तीस वर्षांपूर्वी औषधं वेगळी होती, तपासण्या नव्हत्या...”

“खरं म्हणाले मी.”

“वाचली असती,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक वाचली असती.”

आत्तीनं मान हलवली. तेल लागलेल्या गालांवरनं पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मी जाऊन तिच्याजवळ बसले. सासूला कधी मिठी मारली नव्हती, कशी मारतात ते माहीत नव्हतं, म्हणून नुसता तिचा हात धरला.

“आत्ती, मीपण तेच करत होते की. अंगठ्याचंसुद्धा, गोळ्यांचंसुद्धा.”

“तुला सांगणारं कुणीतरी भेटलं,” ती म्हणाली. “मला न्हाई भेटलं.”

डॉक्टर उठले, पिशवी उचलली. “येतो मावशी. पलीकडच्या गौराक्काच्या म्हशीला दगडी झालीय, तिच्याकडं डोकावून जातो. औषधाचा आज तिसरा दिवस हाय.”

“तिसरा?” आत्तीनं मान वर केली. “दूध पांढरं झालं?”

“काल संध्याकाळीच झालं.”

“मग ती आज थांबवणार!” आत्ती उठली. तिचे न वाकणारे गुडघे कुठं गेले कोण जाणे. अंगाला उटणं, केस सुटलेले, पायात चप्पल नाही, सणाचा दिवस.

“अहो आत्ती, अंघोळ तरी...”

ती अंगणाबाहेर पडलीसुद्धा. डॉक्टर स्कूटर चालू करेपर्यंत ती चार घरं पुढं गेली होती, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा आवाज येत होता:

“गौरे! ए गौरे! ओत गं ते दूध! अजून चार दिवस औषध द्यायचं हाय, ओत म्हणते ना! हिंमत होत न्हाई तर हिकडं दे, मी ओतते!”